आधार दाखवलं की झालं?

निमगाव सावा, नारायणगाव, मंचर या पट्ट्यात कांदाकाढणीला किंवा टोमॅटोच्या तोडणीला परमुलखातला माणूस आला, की पहिला प्रश्न ठरलेला: "आधार आहे का?" कार्ड दिसलं की सगळे निर्धास्त. पण आधारवरून तो माणूस कोण, एवढंच कळतं. आधार कायद्याच्या कलम ९ नुसार हा क्रमांक नागरिकत्वाचाही पुरावा नाही आणि अधिवासाचाही. बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही तो मिळू शकतो. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे म्हणून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं. जन्मदाखल्याचंही तसंच. १ जुलै १९८७ पासून पुढे जन्मलेल्यांच्या बाबतीत आईवडील कोण, हेही पाहावं लागतं. मग ते मूल आपल्याच आळीतलं का असेना.

मग बिहारच्या मजुरानं इथं राहायला काय दाखवायचं? काहीच नाही. देशात कुठेही राहण्याचा हक्क नागरिकाला राज्यघटनेच्या कलम १९ नेच दिलेला आहे. त्याला ग्रामपंचायतीची 'ना हरकत' लागत नाही. पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट असते ती अधिवास दाखल्याला, म्हणजे सरकारी नोकरी, प्रवेश वगैरेंसाठी. आणि त्याचं गावाकडचं रेशनकार्ड 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत इथल्या दुकानातही चालतं.

बाजारपेठेत रात्री शिट्टी वाजवत फिरणारा नेपाळी गुरखा व्हिसा नसल्यामुळे बेकायदा ठरतो का? नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारानं दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, कामधंद्याची मुभा दिली आहे. त्याला आपण नेपाळी आहोत एवढंच दाखवावं लागतं. तिकडचं नागरिकत्व प्रमाणपत्र त्यासाठीच असतं.

इतर देशांतून आलेल्यांना मात्र साधारणपणे पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही लागतात. आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याचा भारही कायदा संबंधित माणसावरच टाकतो. यावरून काही उत्साही मंडळी वाटेल त्याला कागद मागत सुटतात. तो अधिकार त्यांना कुणी दिलेला नाही. सरकारी यंत्रणेलाही नुसत्या संशयावर कुणाला नागरिकत्व सिद्ध करायला लावता येत नाही, आधी हाती काहीतरी ठोस असावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका खटल्यात बजावलं आहे.