धोका : मोजलेला आणि जाणवलेला

शेल नावाच्या खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत नैसर्गिक वायू अडकून राहिलेला असतो. तो मोकळा करण्यासाठी खोल विहीर खणून तिच्यातून पाणी, वाळू आणि काही रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने सोडले जाते. त्यामुळे खडकाला भेगा पडतात. वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत आणि वायू वर येतो. या पद्धतीला ‘फ्रॅकिंग’ म्हणतात.

इंग्लंडमधील लँकशायर परगण्यात, ब्लॅकपूल शहराजवळ, २०११ साली हे काम चालू असताना भूकंपाचे दोन लहान धक्के नोंदले गेले. त्यांतील मोठा धक्का २.३ रिश्टरचा होता. काम थांबवून चौकशी झाली. ‘नियमांचे काटेकोर पालन झाल्यास यातील धोके आटोक्यात ठेवता येतील,’ असा निष्कर्ष रॉयल सोसायटी आणि रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग या संस्थांनी २०१२ मध्ये काढला. तरीही स्थानिकांचा विरोध मावळला नाही. मग लोक अज्ञानी होते, असे म्हणावे काय?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मधील आपल्या लेखात या प्रश्नाचा उलगडा केला आहे. तज्ज्ञ बहुधा अपेक्षित जीवितहानीवरून धोका ठरवतात. सामान्य माणूस मात्र आणखी काही प्रश्न विचारतो : हा धोका अपरिचित आहे काय? तो आपण स्वेच्छेने पत्करला आहे की आपल्यावर लादला गेला आहे? त्यावर आपले नियंत्रण आहे काय? लाभ एकाला आणि झळ दुसऱ्याला, असे तर नाही ना?

लँकशायरमध्ये हे प्रश्न प्रत्यक्षात उभे राहिले. तेथील परगणा परिषदेने २०१५ मध्ये नव्या विहिरींना परवानगी नाकारली. पुढच्याच वर्षी केंद्रीय मंत्र्यांनी तो निर्णय फिरवला. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच परिसरात २.९ रिश्टरचा धक्का बसला. अशा धक्क्यांचे अचूक भाकीत करता येत नाही, असे नियामक संस्थेनेही मान्य केले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये फ्रॅकिंगला स्थगिती मिळाली. ती सप्टेंबर २०२२ मध्ये उठवण्यात आली. पण पुढच्याच महिन्यात पुन्हा लागू झाली.

लोकांची प्रत्येक भीती खरी ठरते, असे नाही. काही ठिकाणच्या पाण्यात मिथेन वायू मुळातच असतो. त्याचा दोष प्रत्येक वेळी विहिरीला देता येत नाही. म्हणून मोजमाप आवश्यकच आहे. परंतु धक्का किती मोठा असेल, हे विज्ञान सांगू पाहते. तो कोणी आणि कशासाठी सोसावा, हे मात्र त्या परिसरातील लोकांना विश्वासात घेऊनच ठरवावे लागते.