देवळाली कॅम्प : छावणीतून उभे राहिलेले गाव

नाशिक शहराच्या दक्षिणेला, दारणा नदीच्या जवळच्या माळावर देवळाली कॅम्प वसले आहे. देवळाली हे मूळ गाव त्याहून पुष्कळ जुने. आज ते नाशिकरोडच्या वस्तीत मिसळले असून लोक त्याला ‘देवळाली गाव’ म्हणतात. ‘कॅम्प’ म्हणून ओळखली जाणारी वसाहत मात्र ब्रिटिश लष्कराने १८६१च्या सुमारास उभी केली. दोन्हींचे नाव एकच असले, तरी दोन्ही वस्त्यांची घडण अगदी वेगळी आहे. शेती, देवस्थान आणि वतनदारी यांभोवती गाव वाढले, तर कॅम्प सरकारी नकाशावर आधी आखले गेले आणि माणसे तिथे नंतर आली.

जागेचे महत्त्व रेल्वेने वाढवले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने सह्याद्री ओलांडण्यासाठी थळ घाटात, म्हणजे आजच्या कसारा घाटात, १:३७ इतक्या तीव्र चढाचा मार्ग बांधला आणि कसारा-इगतपुरी हा टप्पा १८६५ साली खुला झाला. त्यामुळे मुंबई बंदरात उतरलेली पलटण बैलगाड्यांच्या तांड्याशिवाय थेट दख्खनच्या पठारावर पोहोचू लागली. घाटमाथा ओलांडला की मुंबईची दमट हवा मागे राहते. मुंबईपासून रेल्वेने सुमारे १८० किलोमीटरवरच्या देवळालीत कोरडी हवा, गार रात्री, मोकळा माळ आणि पाणी या चारही गोष्टी एकत्र मिळत होत्या. इंग्लंडहून आलेल्या गोऱ्या शिपायाला उत्तर हिंदुस्थानात धाडण्यापूर्वी इथल्या हवेची सवय व्हावी आणि परत जाणाऱ्याला जहाज मिळेपर्यंत ठेवता यावे, यासाठी ही जागा सोयीची होती.

१८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये देवळालीच्या बराकींत पाच हजार माणसांची सोय असल्याची नोंद आहे. सैन्याची ने-आण प्रामुख्याने पावसाळा सरल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत चाले. त्या महिन्यांत बराकी गजबजत आणि एरवी पुष्कळशा ओस पडत. नोकरीची मुदत संपलेल्या शिपायांना इथे आणून ठेवत. जहाज निघून गेले, तर पुढच्या जहाजापर्यंत त्यांना थांबावे लागे. कवायत नाही, मोहीम नाही, हाताला काम नाही आणि अंगावर उन्हाळा येतो आहे, अशा स्थितीत दारू, मारामाऱ्या आणि उदासी वाढत गेली. त्यातूनच गोऱ्या शिपायांनी मनाचा तोल गेलेल्या माणसासाठी ‘डुलाली टॅप’ हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यातली ‘डुलाली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स या माजी सैनिकाने १९३६च्या आपल्या आठवणींत या तळाचे वर्णन केले आहे. नाशिक कधी न पाहिलेल्या इंग्रजाच्याही तोंडी देवळालीचे नाव राहिले, ते या शब्दामुळे. गावाच्या वाट्याला आलेली ही प्रसिद्धी अन्यायाचीच म्हणावी लागेल, कारण इथल्या हवेत वेड लागण्यासारखे काहीच नव्हते. त्रास होता तो रिकामपणाचा.

शिपाई येत-जात राहिले आणि त्यांच्या गरजा भागवणारी माणसे मात्र कायमची वसली. धोबी, भिस्ती, खानसामे, शिंपी, न्हावी, पावभट्टीवाले, दूधवाले आणि कंत्राटदार यांनी बाजार उभा केला. लॅम रोड, हौसन रोड, रेस्ट कॅम्प रोड ही रस्त्यांची नावे त्या काळाची खूण सांगतात. भाजीपाला, दूध आणि मजूर भगूर, संसारी, लहवित, नाणेगाव, बेलतगव्हाण या आसपासच्या गावांतून येत. छावणीचा इतिहास सांगताना पलटणींची नावे पुढे येतात आणि ही गावे मागे पडतात. खरे तर त्यांच्याशिवाय एक दिवसही छावणीची चूल पेटली नसती. खंडोबाच्या टेकडीला गोरे शिपाई ‘टेंपल हिल’ म्हणत. पंचक्रोशीने तिला खंडोबाची टेकडीच म्हटले आणि दर्शनाची वाट चालू ठेवली.

भगूरचा उल्लेख आणखी एका कारणाने करावा लागतो. छावणीच्या अगदी शेजारच्या या गावात २८ मे १८८३ रोजी विनायक दामोदर सावरकरांचा जन्म झाला. ज्या वर्षी गॅझेटियर बराकींची क्षमता नोंदवत होते, त्याच वर्षी. पुढे नाशिक हे क्रांतिकारकांचे केंद्र बनले आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला विजयानंद नाट्यगृहात गोळी घातली. साम्राज्याची एवढी मोठी छावणी हाकेच्या अंतरावर असतानाही हे घडले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळच्या नाशिककरांच्या धाडसाची कल्पना येते.

पहिल्या महायुद्धात देवळाली रुग्णालयांचे ठाणे झाले. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरचे जखमी आणि आजारी जहाजाने मुंबईत उतरत आणि तिथून इथे येत. देवळालीला त्या वेळी वेल्श डॉक्टर-परिचारिकांचे ३४वे जनरल हॉस्पिटल काम करत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला इथे शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांसाठी नजरकैदेची छावणी होती. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ लिहिणारा ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर डेहराडूनला नेला जाण्यापूर्वी याच छावणीत होता. युद्ध संपल्यावर मायदेशी निघालेल्या ब्रिटिश सैनिकांची मोठी गर्दी पुन्हा इथेच जमली. बीबीसीची १९७४ साली सुरू झालेली ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका त्याच दिवसांतल्या देवळालीत घडताना दाखवली आहे.

कॅम्पच्या नागरी जीवनाला खरा आकार दिला तो मुंबईकरांनी. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनसारखे औषध १९४०च्या दशकात हाती येईपर्यंत विश्रांती, सकस आहार आणि कोरडी हवा एवढाच उपाय होता. फोर्ट, गिरगाव, भुलेश्वरच्या दाट वस्तीत हे मिळणे शक्य नव्हते. तेव्हा पारशी, गुजराती, कच्छी, भाटिया, जैन अशा समाजांच्या विश्वस्त संस्थांनी देवळालीत सॅनिटोरियम बांधली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे लांब पडवी आणि अंगणात झाडे अशी साधी रचना. भाडे नाममात्र असे. कुटुंबे भांडीकुंडी, गाद्या घेऊन येत आणि महिनाभर, कधी त्याहूनही अधिक, राहून जात. पुढे आजारी माणसांबरोबर नुसते हवापालटाला येणारेही वाढले. अग्यारी आली, जैन मंदिरे आली, गुजराती खाणावळी आल्या. आपल्या समाजातल्या कमी मिळकतीच्या माणसालाही स्वच्छ हवेचा हक्क आहे, हे मानून देणगीदारांनी पैसा घातला. सरकारी आरोग्यव्यवस्था तुटपुंजी असताना या संस्थांनी केलेले काम मोलाचे आहे. त्यांच्या सोयी बहुधा समाजापुरत्याच होत्या, ही त्यांची मर्यादा.

शिक्षणातही मुंबईचाच हात होता. आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने १८१५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची शाळा भायखळ्याला होती. मुलांना शहराबाहेर मोकळ्या हवेत ठेवावे म्हणून तिचा निवासी विभाग देवळालीला हलवण्यात आला आणि बार्न्स स्कूल या नावाने २९ जानेवारी १९२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. प्रारंभी युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी असलेली ही निवासी शाळा पुढे सर्वांना खुली झाली. पेशावरहून आलेल्या एका फळ-व्यापाऱ्याचा मुलगा युसुफ खान इथे शिकला. दिलीपकुमार या नावाने तो देशाला माहीत झाला. शेजारच्या नाशिकरोडला त्याच दशकात इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ साली करन्सी नोट प्रेस सुरू झाले. त्यामुळे या भागात पगारी नोकरदारांचा नवा मराठी वर्ग तयार झाला.

१९४७ नंतर कॅम्प ओस पडेल असे वाटण्याजोगी स्थिती होती. तसे झाले नाही. फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी कुटुंबांना देवळालीच्या छावणीत आसरा मिळाला आणि त्यातली अनेक कुटुंबे इथेच राहिली. फिरती विक्री, मग गाळा, मग दुकान अशा चिकाटीने त्यांनी बाजारपेठेत पाय रोवले. लष्करानेही जागा सोडली नाही. १९२३ साली आज पाकिस्तानात असलेल्या काकूल इथे स्थापन झालेली तोफखान्याची प्रशाला १९४०च्या दशकात देवळालीला आली होती. फाळणीनंतर भारताच्या वाट्याची ती प्रशाला इथेच वाढली. आज स्कूल ऑफ आर्टिलरी ही भारतीय तोफखान्याची मुख्य प्रशिक्षणसंस्था आहे. सरावाच्या दिवशी तोफांचे आवाज आसपासच्या गावांपर्यंत जातात आणि त्या गावांच्या जमिनी, गायरान व वाटा यांवर गोळीबार-क्षेत्राची बंधने पडलेली आहेत. देशाच्या संरक्षणाचा हा भार शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उचलला आहे आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

कॅम्पचे दिसणे टिकले ते जमिनीच्या कायद्यामुळे. छावणीतल्या अनेक जुन्या बंगल्यांची जमीन ‘ओल्ड ग्रँट’ पद्धतीची आहे : इमारत मालकाची, जमीन सरकारची. वाढीव बांधकाम, विक्री, दुरुस्ती यांवर बंधने असल्याने उतरत्या कौलांचे बंगले, रुंद रस्ते आणि जुनी झाडे उरली. त्याच नियमांनी रहिवाशांची मात्र कोंडी केली. घराचे छत गळत असले, तरी परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. नगरपालिकेऐवजी इथे १९२४च्या आणि पुढे २००६च्या कायद्याने चालणारे कँटोन्मेंट बोर्ड आहे. कायद्यानुसार लष्करी अधिकारी त्याचे अध्यक्ष असतात आणि नागरिकांचे प्रतिनिधी निवडून यायचे असतात. देशातल्या ५७ छावणी मंडळांच्या ३० एप्रिल २०२३ रोजी घ्यायच्या ठरलेल्या निवडणुका केंद्राने रद्द केल्या आणि छावण्यांतले नागरी भाग शेजारच्या स्थानिक स्वराज्य संस्थांत विलीन करण्याचे धोरण पुढे आणले. हिमाचलमधील खास योल ही त्यातली पहिली छावणी. महाराष्ट्रातल्या पुणे, खडकी, देहूरोड, अहमदनगर, औरंगाबाद, कामठी आणि देवळाली या सातही छावण्यांना हा प्रश्न लागू आहे. देवळालीपुरते बोलायचे तर विलीनीकरणाने राज्याच्या योजना आणि बांधकामाची मोकळीक मिळेल, अशी एका गटाची अपेक्षा आहे. मोकळी हवा आणि झाडांचे छत्र जाईल, अशी दुसऱ्याची भीती आहे. ओल्ड ग्रँट जमिनींचा हक्क कोणाकडे राहणार, यावर या दोन्हींचे उत्तर अवलंबून आहे.