थंडीत खोबरेल का थिजतं?

डिसेंबरात खोबरेल बाटलीत थिजून बसतं आणि शेजारचं शेंगदाणा तेल मात्र पातळच राहतं. रेणू जितके मोठे तितकी त्यांच्यातली ओढ जास्त, हा नियम इथे उलटा पडल्यासारखा दिसतो. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाच्या साखळीत 12 कार्बन, शेंगदाण्यातल्या ओलेइक आम्लाच्या साखळीत 18. तरी आधी थिजतं ते खोबरेल, 24 अंश सेल्सिअसच्या आसपासच. नियम खोटा नाही. सरळ साखळ्यांत तो चोख चालतो: 18 कार्बनचं स्टिअरिक आम्ल 69 अंशांना वितळतं, लॉरिक 44 ला. पण ही ओढ रेणू अगदी जवळ आल्यावरच जाणवते, आणि ओलेइकची साखळी दुहेरी बंधापाशी वाकलेली असल्यानं शेजारच्या साखळीला नीट बिलगतच नाही.

करामत वाकण्याची नसून दुहेरी बंधाचीच असेल, ही शंका रास्त आहे. तिला इलेडिक आम्ल उत्तर देतं. तेच अणू, तितकेच, दुहेरी बंधही त्याच जागी. फक्त साखळी जवळजवळ सरळ. ओलेइक 13-14 अंशांना वितळतं, इलेडिक 44 च्या घरात. (तेलात ही आम्लं सुटी नसतात, ग्लिसरॉलला तीन-तीन जोडलेली असतात, कल मात्र तोच राहतो.) जुन्या पद्धतीच्या वनस्पती तुपाच्या घट्टपणात, संपृक्त साखळ्यांबरोबर, अशा सरळ झालेल्या ट्रान्स मेदाम्लांचाही वाटा होता.