मुडदुशे, पेडवे आणि एक टेक्स्ट फाइल: व्हॉट्सॲपवरच्या नोंदींचं वेबपेज कसं करतात?

मालवण, देवबाग, आचरा, वेंगुर्ला. सिंधुदुर्गातल्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'शुभ सकाळ'च्या फुलांमध्ये अधूनमधून सोनं येऊन पडतं. मुडदुशे आणि पेडवे ओळखायचे कसे, रापण ओढताना कोण कुठे उभं राहतं, एखाद्या मालवणी शब्दाचा जुना अर्थ काय. चार जण अंगठा दाखवतात आणि दुपारपर्यंत मेसेज वर सरकून जातो. फोन बिघडला आणि बॅकअप नसला की विषय संपला. गुगलवर तर ते सापडतच नाही, कारण ग्रुपच्या आत गुगलला प्रवेश नाही.

याच्या उलट उदाहरण बघा. मुंबई सरकारने १८८० साली रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर काढलं. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं, सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्या जुन्या खंडाचा मजकूर आज इंटरनेटवर वाचता येतो, त्यात शोधताही येतं. म्हणजे साहेबाने मालवणबद्दल काय लिहिलं ते दोन मिनिटांत मिळतं, आणि गावातल्या आजोबांनी गेल्या वर्षी काय सांगितलं ते मिळत नाही.

यावरचा उपाय फोनमध्येच आहे. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये 'एक्स्पोर्ट चॅट' असा पर्याय असतो. तो वापरला की चॅट एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर येते. तारीख, वेळ, नाव, मजकूर, बस्स. फोटो न घेता एक्स्पोर्ट केलं तर फोटोच्या जागी नुसती एक ओळ उरते. व्हॉइस मेसेजचंही तेच. आणि खरी मालवणी तर बोलण्यातच असते, त्यामुळे ते ऐकून कुणीतरी टाइप करण्याला पर्याय नाही.

पुढचं पहिलं काम साफसफाईचं. फाइलमध्ये लोकांचे मोबाइल नंबर असतात, आणि नावं एक्स्पोर्ट करणाऱ्याने सेव्ह केलेली असतात. 'पंपवाला उधारी' असं नाव जगासमोर गेलं तर गावात राहणं कठीण व्हायचं. नंबर काढायचे, ज्याने माहिती दिली त्याला विचारायचं आणि त्याची हरकत नसेल तरच त्याचं नाव ठेवायचं.

मग या मजकुराला आकार द्यायचा. त्यासाठी मार्कडाउन नावाची सोपी पद्धत आहे. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ मध्ये आणली, ॲरन स्वार्ट्झ यांची त्यात मदत होती. ओळीच्या सुरुवातीला # दिलं की शीर्षक, छोटी आडवी रेघ दिली की यादी. पँडॉकसारखा मोफत प्रोग्रॅम एका आज्ञेत या फाइलचं वेबपेज करून देतो. मूळ टेक्स्ट फाइल मात्र जशीच्या तशी राहते, हे महत्त्वाचं. उद्या वेबसाइटची जागा बंद पडली तर त्याच फाइलमधून दुसरीकडे पुन्हा पेज करता येतं. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं तेव्हा ज्यांच्याकडे मूळ फाइल नव्हती त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती काहीच उरलं नाही.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक * दिला की तो ठळक होतो. मार्कडाउनमध्ये मात्र एकेका * ने अक्षर तिरकं होतं, ठळक करायला दोन-दोन लागतात. दुसरं म्हणजे, माशांची नावं एकाखाली एक लिहिलेली असली तरी पेजवर ती एकाच ओळीत गोळा होतात. प्रत्येक नावाआधी रेघ दिली तर यादी टिकते.

मराठीचा म्हणून एक वेगळा घोळ आहे. कृतीदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या नोंदी टेक्स्ट म्हणून उघडल्या की बहुधा इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. कारण त्या फाँटमध्ये अक्षरं आतून इंग्रजीच असतात, दिसतात फक्त मराठी. अशा नोंदी आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. नंतर 'किनाऱ्यावर', 'वाऱ्याने' असे शब्द डोळ्यांनी तपासायला हवेत, कारण त्यातला अर्धा र बरेचदा चुकीचा उतरतो.

पेजच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंदही करावी. ती नसेल तर 'मालवण'मधला ल आणि 'शिंपले'मधला श हिंदी वळणाचे दिसू शकतात. नोंद असली आणि फाँटमध्ये सोय असली तर दोन्ही अक्षरं मराठी वळणाची येतात. अंध वाचकांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही मराठी आवाज निवडायला याचा उपयोग होतो.

तयार पेज ठेवायला गिटहब पेजेससारखी मोफत जागा मिळते. तिथे ठेवलेलं सगळं जगाला दिसतं, म्हणून नंबर एकदा पुन्हा तपासलेले बरे. फाइलचं नाव मात्र रोमन लिपीतच द्यावं. देवनागरी नाव चालतं, पण लिंक कॉपी करून ग्रुपवर टाकली की प्रत्येक अक्षरचिन्हाची बहुतेक वेळा नऊ चिन्हं होतात. एकट्या 'मालवण'ची पंचेचाळीस, आणि ती बघून लोक व्हायरस समजून लिंक उघडतच नाहीत.