पांढरीतला एक दिवस

पहाटे साडेपाचला चहाचं आधण ठेवतो आणि मशीनची बॅटरी बघतो. जुने वाडे उतरवायचा आमचा धंदा, वडिलांपासून तळवड्यातच. खांब, तुळया, वासे, चौकटी विकत घ्यायच्या आणि मालकाला जागा मोकळी करून द्यायची. मेटल डिटेक्टर मी सोन्यासाठी नाही, खिळ्यांसाठी घेतला. जुन्या सागात लोहारानं घडवलेला चौकोनी खिळा आत मोडून बसलेला असतो. वरून दिसत नाही. सॉ-मिलवर बँडसॉचं पातं त्यावर आलं की दात जातात, आणि पातं तुटून उडालं तर माणूसही जायचा. म्हणून प्रत्येक तुळई आधी मशीनखालून जाते.

मशीन जमिनीवर फिरवायला लागलो ते पुढे, एका आजींमुळे. त्यांच्या सासऱ्यांनी पुरलेला वास्तुपुरुष आमच्या पहारीखाली कुठे गेला ते कळलंच नाही. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. ते अजून मनातून जात नाही.

सव्वासातला गावठाणात पोचतो. १९९७ साली तळवडे महापालिकेत गेलं. आयटी पार्क आला, कंपन्या आल्या, आणि गावठाणातल्या घरांच्या जागी एकेक इमारत उभी राहिली. आजचा वाडा लहान आहे. ओटी, माजघर, मागं परसू. छप्पर गेल्याच आठवड्यात उतरलं. घरच्या आजी कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसल्यात. "दादा, आमचा वास्तुपुरुष तेवढा हातात द्या. नव्या घरी न्यायचाय."

साडेसात ते नऊ नुसती तयारी. वस्तीची जमीन ती पांढर आणि शेताची ती काळी, हे जुने लोक सांगत. पांढरीत राख, शेण, चुना, खापरं, पिढ्यान्‌पिढ्यांचं सगळं मिसळलेलं. पण आपला सगळा दगड काळा बेसॉल्ट. त्याच्या मातीत लोहचुंबकी कण इतके, की मशीन उगाच गुणगुणत राहतं. म्हणून रोज सकाळी मोकळ्या मातीवर तबकडी वरखाली करत ते जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं. तबकडीतल्या तारेतून वीज फिरते, तिचं चुंबकी क्षेत्र जमिनीत उतरतं, आणि खाली धातू असेल तर त्यात उमटलेले प्रवाह उलट खबर देतात. लोखंडाचा आवाज जाड, घोगरा. तांब्या-चांदीचा बारीक आणि स्वच्छ. मग सुतळीनं माजघराचे चौकोन पाडतो, प्रत्येकाला नंबर देतो. हे सगळं घरच्यांच्या देखत. त्यांच्यामागं मी एक खुरपंही मारत नाही.

नऊला आग्नेय कोपरा. वास्तुशांतीला वास्तुपुरुष पुरतात तो याच कोपऱ्यात, बरोबर पंचरत्नं. आवाज आला, बारीक. हातभर खाली मातीचं बोळकं निघालं, वर पणतीचं झाकण. मी उघडलं नाही. तसंच नेऊन आजींच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी पदरात घेतलं आणि डोळे टिपले. नवी नवरी होऊन आल्या त्याच वर्षी ते पुरलेलं त्यांनी पाहिलं होतं.

साडेदहाला उंबरठा काढला. दिवसातलं सगळ्यात जपून करायचं काम हेच. उंबऱ्याखाली, चुलीपाशी, तुळशी वृंदावनाच्या पायाशी बायका-माणसं पैसा ठेवत. कधी श्रद्धेनं, कधी नुसता जपून. आज उंबऱ्याच्या डाव्या अंगाला मशीन एकदा वाजलं. तबकडी फिरवून उलट बाजूनं आणली, पुन्हा तेच. कुदळ बाजूला ठेवली आणि खुरप्यानं चार बोटांचा थर काढत गेलो. वीतभर खाली हिरवी चकती दिसली. मऊ कुंचल्यानं माती झाडली. वर 'छत्र', खाली 'पति', मधे दोन आडव्या रेघा. दुदांडी शिवराई! शिवछत्रपतींनी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पाडलेल्या शिवराईवर एका अंगाला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगाला 'छत्र पति' असतं. या दोन रेघांच्या शिवराया पुढं पेशवाईतल्या. इंग्रजी अमदानीतही त्या बाजारात चालत. पेशवाईत चिंचवडलाही टांकसाळ होती, इथून पायी दोन तासांवर. पण हे नाणं तिथलंच, असं मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडं नाही.

हाताखालचा पोरगा म्हणाला, "मालक, चिंचेनं घासतो, सोन्यासारखं होईल." घासू दिलं नाही. तो हिरवा थर तांब्याचं कवच आहे. चिंच, लिंबू, पीतांबरी लावली की आधी थर जातो आणि त्याच्यामागून अक्षरं. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढला. दोन भिंतींपासूनचं अंतर मोजलं, खोली मोजली, कागदाच्या पुडीवर चौकोनाचा नंबर आणि तारीख लिहिली.

एक वाजता भाकरी सोडली. बोलणं चिखलीवर आलंच. चिखली म्हणजे आमच्या शिवेला लागून. तिथं बांधकामाच्या खोदकामात मजुरांना कांस्याचं भांडं आणि सोन्याची २१६ नाणी मिळाली. ती घरी नेऊन ठेवली गेली, आणि मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी हस्तगत केली. वजन २,३५७ ग्रॅम. पोलिसांनी काळ सांगितला १७२० ते १७५०. भागाकार केला तर एका नाण्याला जवळजवळ १०.९ ग्रॅम येतात, म्हणजे साधारण मोगली मोहरेचं वजन. एवढं आकडे सांगतात. पण भांडं कुणाच्या घराखाली होतं, चुलीमागं होतं की भिंतीत, घाईनं लपवलं होतं की वर्षानुवर्षं भरत गेलं होतं, हे नाण्यावर लिहिलेलं नसतं. ते फक्त त्या जागेला माहीत होतं. माझ्या लेखी सोन्याइतकीच मोठी वस्तू ती जागा होती.

"मग आपल्याला काय मिळणार?" पोरानं विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. आज एका शिवराईलाही दहा रुपयांहून जास्त मोल येतं. मूळ मालक कुणी निघाला नाही आणि जागामालकानं हक्क सांगितला, तर वेगळा करार नसेल तिथं तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक हिस्सा जागामालकाला. सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. हे ऐकून पोरगा बराच वेळ गप्प होता. ही माहिती मजुराला कुणी देतच नाही, आणि दोष मात्र त्याच्याच माथी. ब्रिटनमध्ये १९९७ पासून हौशी लोकांनी आपणहून नोंदवलेल्या पुरातन वस्तू दहा लाखांच्या वर गेल्यात. तिथं नोंद करणाऱ्याकडं चोर म्हणून बघत नाहीत, हे त्यातलं मुख्य कारण असावं असं मला वाटतं.

दोन ते पाच, तुळया. सत्तावीस खिळे, एक कडी, एक बिजागरी. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सहाला फोन. "रात्री मशीन घेऊन येता का? गुप्तधन आहे, महाराजांनी जागा दाखवलीय." मी नाही म्हणतो, नेहमीच. गुप्तधनाच्या नादानं या राज्यात माणसं मारली गेलीत. त्यासाठी केलेले अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवले. किल्ल्यावर, जुन्या देवळात न्यायलाही लोक बोलावतात. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीवाचून खणणं हाही गुन्हाच. माझं मशीन घरमालकाच्या देखत, घरमालकाच्या जागेत चालतं.

आठला जेवण, नऊला शिवराईचा जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज. खाली माझी सही आणि आजींच्या मुलाची. उद्या सकाळी तो आणि मी मिळून अर्ज देऊन येणार.

चिखली, तळवडे, मोशी, चऱ्होलीत आज जुनं घर पाडून पाया खणणारे पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे. काही लागलं तर कुदळ थांबवा, वस्तू घासू नका, जागेचा फोटो काढा. अर्जाला वकील लागत नाही. काय मिळालं, अंदाजे किती किमतीचं, कुठं मिळालं आणि कोणत्या तारखेला, एवढं कागदावर लिहून जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.