उघड्या टपाची अमेरिकन मोटार

समजा, तुमच्या गावचा एखादा द्राक्षबागाईतदार शाळेत आला आणि म्हणाला, “गुरुजी, अमेरिकेची उघडी स्पोर्ट्स गाडी विकायला आलीय. शेव्हरोले कॉर्व्हेट, १९५३ ची. इसार देऊन टाकू का?” काय सांगाल तुम्ही? पैसा त्याचा, पण सल्ला तुमचा. तेव्हा ही गाडी काय आहे ते आधी पाहू.

शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीचा मुंबईत शिवडीला कारखाना होता. १९२८ पासून तिथे सुटे भाग आणून गाड्या जोडत. नुसती जोडणी करणाऱ्यांना पुढे आपल्या सरकारने थारा दिला नाही आणि १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. कॉर्व्हेटचा जन्म नेमका त्याच सुमारास, १९५३ चा, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावचा. पहिल्या वर्षी गाड्या निघाल्या अवघ्या ३००. सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल. तेव्हा अशी गाडी इथे असेलच, तर ती कोणत्या वाटेने आली याचा कस्टमचा कागद हवा.

मग नंबर पाहावा. १९५३ च्या गाडीचा नंबर ‘ई ५३ एफ’ असा सुरू होतो; ५३ हे साल, एफ म्हणजे फ्लिंट. पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावता येते, म्हणून सांगाड्यावर ठोकलेला नंबरही ताडून पाहावा. आणि विकणारा मोठ्या अभिमानाने “आत व्ही-८ इंजिन आहे हो!” म्हणाला, तर तिथेच थांबावे. १९५३ चे इंजिन सहा सिलिंडरचे, १५० अश्वशक्तीचे. व्ही-८ आले १९५५ मध्ये. म्हणजे इंजिन बदललेले आहे. हे नुसते हौसेचे दुखणे नव्हे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असावी लागते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि रोजच्या वापराला ती गाडी काढायची नाही. नाशिकच्या बाजारात टोमॅटोच्या जाळ्या न्यायला ती नाही, हे आधीच सांगून ठेवा.

आता खरी गोम. बुटांचे पुठ्ठ्याचे खोके घ्या, झाकण लावून दोन्ही हातांनी पिळा. दाद देत नाही. झाकण काढून पिळा. लगेच वाकडे होते. वर्गात मुलांना करून दाखवण्यासारखा प्रयोग आहे. मोटारीचे छप्पर हे असे झाकण असते. ते काढले की सगळा भार खालच्या सांगाड्यावर येतो, म्हणून कॉर्व्हेटच्या सांगाड्यात इंग्रजी एक्स अक्षरासारख्या आडव्या तुळया घातल्या. अंग मात्र फायबरग्लासचे, म्हणजे काचेचे धागे राळेत बसवून केलेले. त्याला गंज चढत नाही आणि लोहचुंबकही चिकटत नाही. गंमत अशी की वरचे अंग चकचकीत राहते आणि खाली लोखंड कुजत असते. म्हणून रंगावर भाळू नये. गॅरेजवाल्याला सांगून एका कोपऱ्याला जॅक लावावा आणि दार उघडून मिटून पाहावे. आधी नीट मिटणारे दार आता अडकले, तर सांगाडा वाकतो आहे असे समजावे.

दाराला बाहेरून मूठ नाही. आत हात घालून उघडावे लागते. वरखाली होणाऱ्या काचाही नाहीत, त्या १९५६ ला आल्या. खिडकीला पडदे अडकवायचे! इगतपुरीच्या पावसात त्यांचे काय होईल ते सांगायला नको. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, गिअर दोनच आणि तेही आपोआप बदलणारे. कसारा घाट उतरताना ब्रेक तापणार. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पुढच्या ट्रकच्या पलीकडचे दिसायला मान बाहेर काढावी लागते.

इतके ऐकूनही त्याची हौस कायम असेल, तर असू द्या. हौसेला मोल नसते. मात्र इसार देण्याआधी विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागायला सांगा: कस्टमचा कागद, नोंदणीचे पुस्तक आणि सांगाड्यावरच्या नंबराचा फोटो. फोटो मिळाला, की तो घेऊन पुन्हा तुमच्याकडे यावे.