बल्लारपूरचा कोळसा, कामठीची पेढी

नागपूरला परीक्षेला किंवा नुसतं फिरायला गेलात, तर कस्तुरचंद पार्क तुम्ही पाहिलेलं असणारच. मेट्रोचं स्टेशनही त्याच नावाचं. प्रजासत्ताक दिनाची परेड, सभा, मेळावे, सगळं तिथे होतं. 2019मध्ये खोदकामात जुन्या तोफा निघाल्या, तेव्हा हे मैदान पुन्हा बातम्यांत आलं. पण हे कस्तुरचंद कोण, असं विचारलं की बहुतेक जण गप्प! आपण चांदा-गडचिरोलीवाल्यांनी तरी हे माहीत करून घ्यायला हवं, कारण त्यांच्या घराण्याचा आपल्या जमिनीखालच्या कोळशाशी संबंध आहे.

सर कस्तुरचंद डागा. घराणं मूळ बिकानेरचं, पेढी कामठीला. कामठीच काहून बरं? इंग्रजांनी 1821मध्ये तिथे लष्करी छावणी वसवली. छावणी म्हणजे पगार, रसद, ठेके. एवढा पैसा सांभाळायला आणि फिरवायला सावकार लागतोच.

तेव्हा पैसा फिरायचा हुंडीवर. एका गावच्या पेढीवर रक्कम भरायची, कागद घ्यायचा आणि दुसऱ्या गावी तो दाखवून पैसे उचलायचे. यूपीआयची खापरपणजीच म्हणा ना! फरक इतकाच, की तिथे पासवर्ड नव्हता, घराण्याची पत होती. म्हणून पेढीचं नाव पिढ्या बदलल्या तरी तेच राहिलं: बन्सीलाल अबीरचंद. धंदा आणि घर वेगळं नव्हतंच. आज आपण ज्याला ‘ब्रँड’ म्हणतो, तो तेव्हा पूर्वजांच्या नावाने चालायचा.

व्याजावर जमलेला पैसा मग कापसात गेला. हिंगणघाटला याच नावाची सूतगिरणी आणि कापड गिरणी उभी राहिली. गिरणीच्या बॉयलरला कोळसा लागतो, आणि कोळसा तर आपल्याच उशाशी!

आपल्याकडे खाणी आधी सरकारनेच खोदल्या. वरोऱ्याची 1871मध्ये सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली गेली. 1906मध्ये ती बंद पडली. तोवर बल्लारपूरला काम सुरू झालं होतं. पुढे ही खाण सरकारने खासगी हातात दिली आणि ती डागांकडे आली. म्हणजे ज्या माणसाच्या पेढीची गादी कामठीला, त्याचा पैसा आता वर्धा नदीच्या काठी जमिनीखाली उतरला.

आता मला खटकतं ते सांगते. नागपुरात डागांच्या नावाचं मैदान आहे, पुतळा आहे, बायकांसाठीचं डागा रुग्णालय आहे. तिथे बाळंत झालेल्या बायकांना विचारा, त्या रुग्णालयाचं मोल त्या सांगतील. दानत होती, हे मान्यच. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती, तेव्हा मोठी दानं तिकडे जाणार हेही कळतं. पण कोळसा निघाला तो बल्लारपुरातून. धूळ इथे, पुतळा तिथे.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. 1973मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, 1974मध्ये हिंगणघाटची ती गिरणीही सरकारजमा झाली. मालक बदलला, दिशा नाही. खाणी चालवणाऱ्या ‘डब्ल्यूसीएल’चं मुख्यालय कुठे आहे? नागपूरलाच. बल्लारपूरच्या कागद गिरणीची गोष्टही फार वेगळी नाही. 1945मध्ये ती कंपनी काढणारे करमचंद थापर मूळचे लुधियानाचे, पैसा कमावलेला कोळशाच्या व्यापारात, आणि बांबू आपल्या जंगलातला. आता सुरजागडचं लोखंड निघतंय. तिथे पैसा कोणाचा आणि नाव कुठे लागणार, हे तुम्ही-आम्ही आत्ताच बघू शकतो, शंभर वर्षं थांबायची गरज नाही.

पेढीवाल्यांचा इतिहास निदान पाटीवर, पुतळ्याखाली सापडतो. खाणीत उतरलेल्यांचा कुठे आहे? तो घराघरांत आहे, आणि सांगणारी माणसं थकत चालली आहेत. तुमच्या घरात, गल्लीत कोणी आजोबा खाणीत होते का? दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करा आणि साधंच विचारा: ‘आजोबा, डब्ल्यूसीएलच्या आधी पगार कोण द्यायचं? किती द्यायचं? पहिल्यांदा खाली उतरलात तेव्हा वय काय होतं?’